आजीची कानटोपी टाकू नका!

दिवाळी संपली, गारठा वाढला, की माळ्यावरची ट्रंक खाली येते. डांबरगोळ्यांचा वास घरभर पसरतो आणि मग सुरू होते कुरकुर! कानटोपी डोक्यात शिरत नाही, मोज्यातून अंगठा बाहेर डोकावतो, मफलरला भोक पडलेलं. आई म्हणते, "जाऊ दे, नवी आणू बाजारातून."

पण थांबा. ती टोपी आजीनं तुमच्या डोक्याचं माप घेऊन विणलेली. आता आजीला सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही. तशी टोपी बाजारात कुठून मिळणार?

आधी थोडी गंमत समजून घेऊ. साध्या कापडात उभे-आडवे धागे असतात. विणीत मात्र एकच धागा फास घालत, फासातून फास काढत जातो. म्हणून एक टाका सुटला, की खालचे टाके शिडीसारखे सुटत जातात. आज बोटाएवढं भोक, आठवड्यानं मुठीएवढं! म्हणून सुटलेला टाका दिसला, की आधी त्यात सेफ्टी पिन अडकवा.

सुटलेला टाका : सुलट बाजू वर ठेवा. क्रोशाची सुई सुटलेल्या फासात पुढून घाला, वरचा आडवा धागा पकडा आणि फासातून ओढून घ्या. असं करत वरपर्यंत चढा. शेवटचा फास दोऱ्यानं पक्का बांधा.

मोज्याचं भोक : मोज्यात चेंडू घाला. भोकाच्या कडेपासून अर्धा इंच चांगल्या विणीतून सुरुवात करून उभे धागे घ्या. मग आडवा धागा एकाच्या वरून, एकाच्या खालून न्या. धागा ओढू नका, नाहीतर गाठोडं होईल आणि बोटाला टोचेल.

घट्ट टोपी : मागची शिवण उसवा. शिवणीचाच धागा हं, विणीचा नव्हे! दोन बोटं रुंद पट्टी विणून मध्ये जोडा. कान उघडे राहत असतील, तर खालच्या काठावर टाके उचलून दोन सुलट, दोन उलट अशी पट्टी वाढवा. उसवणं आणि विणणं आई-आजीच्या देखरेखीखालीच करा.

उसवलेली लोकर : ती वेडीवाकडी दिसते. खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात भिजवून सावलीत वाळत घाला. धागा बराच सरळ होतो.

गरम पाणी मात्र नको. खऱ्या लोकरीच्या केसांवर बारीक खवले असतात. गरम पाण्यात चोळलं, की ते एकमेकांत अडकतात आणि स्वेटर बाहुलीला होईल एवढा आटतो! अ‍ॅक्रिलिक असं आटत नाही, पण गरम इस्त्रीनं खराब होतं.

आणखी एक. लोकरीला भोकं पाडतो तो उडणारा पतंग नव्हे, त्याची अळी. घामाचे, खाण्याचे डाग तिला आवडतात. म्हणून ट्रंकेत ठेवण्यापूर्वी कपडे धुऊन पूर्ण वाळवा.

नव्या लोकरीचा रंग जुळला नाही? काही हरकत नाही. निळ्या टोपीला पिवळी पट्टी लावा. मग आजीजवळ बसा आणि तिलाच विचारा, "आजी, इथं किती टाके घेऊ?" डोळे थकले, तरी तिची बोटं काही विसरलेली नसतात.