शेवटच्या खुर्चीवरून

मतदान सकाळी सातला सुरू होतं, हे मतदारापुरतं खरं. यंत्राची पहिली बटणं दाबली जातात साडेपाचला, आणि ती दाबतात पोलिंग एजंट. १० मे २०२३ ला कर्नाटक विधानसभेसाठी मतदान झालं, तेव्हा मी बेंगळुरूच्या इंदिरानगरात सीएमएच रोडलगतच्या एका शाळेच्या वर्गात असा एजंट म्हणून बसलो होतो. मतदानापूर्वीच्या दारूबंदीमुळे तिथला पबांचा शंभर फुटी रस्ता ओळखू येऊ नये इतका गप्प होता. इंदिरानगर येतं सी. व्ही. रामन नगर मतदारसंघात. हा अनुसूचित जातींसाठी राखीव आहे, आणि इथले कितीतरी उच्चभ्रू रहिवासी हे मतदानाच्या दिवशीच शोधून काढतात.

एजंटांच्या खुर्च्यांनाही क्रम असतो. आधी राष्ट्रीय पक्ष, मग राज्यस्तरीय, मग नुसते नोंदणीकृत, आणि सगळ्यांत शेवटी अपक्ष. मी एका अपक्षाचा माणूस, त्यामुळे दाराजवळची खुर्ची माझी.

पहाटेच्या मॉक पोलमध्ये, म्हणजे यंत्राच्या चाचणी मतदानात, किमान पन्नास मतं टाकावी लागतात. प्रत्येक उमेदवाराला काही, ‘नोटा’लाही काही. कोणाला किती दिली हे आम्ही कागदावर मांडत होतो. मग केंद्राध्यक्ष बाईंनी कंट्रोल युनिटवरचा निकाल वाचून दाखवला, मताची चिठ्ठी छापणाऱ्या व्हीव्हीपॅटमधल्या चिठ्ठ्या मोजल्या, आणि तिन्ही आकडे जुळले. बाई सरकारी शाळेत शिकवतात. चिठ्ठ्या त्यांनी उत्तरपत्रिकांसारख्या पाच-पाचच्या गठ्ठ्यांत लावल्या. यानंतरचं काम सर्वांत महत्त्वाचं: ‘क्लिअर’ दाबून यंत्र शून्यावर आणायचं, व्हीव्हीपॅटची पेटी रिकामी करायची, मॉक पोलच्या चिठ्ठ्यांवर मागून शिक्का मारून त्या काळ्या पाकिटात बंद करायच्या. हे राहून गेलं तर ती पन्नास मतं खऱ्या मतांत मिसळतात. मग हिरव्या कागदी सीलवर आमच्या सह्या. “सर, साइन माडी,” म्हणजे सही करा, असं म्हणत बाई एकेकाकडे आल्या. सीलचा क्रमांक मी टिपून घेतला. मोठ्या पक्षांपैकी एकाचा एजंट अजून आलेलाच नव्हता. एजंट नसले तर पंधरा मिनिटं वाट पाहतात आणि मॉक पोल उरकतात. निवडणूक कोणासाठी थांबत नाही.

सातनंतर कामाला लय आली. पहिला मतदान अधिकारी ओळखपत्र पाहतो आणि यादीतला क्रमांक व नाव मोठ्याने वाचतो. हे वाचन आमच्यासाठी असतं. मतदार तोच नाही अशी शंका आली, तर दोन रुपये भरून तिथल्या तिथे आक्षेप घेता येतो. दुसरा अधिकारी डाव्या तर्जनीला शाई लावतो, रजिस्टरवर सही घेतो, चिठ्ठी देतो. शाई म्हैसूर पेंट्सची, म्हणजे याच राज्यातली. १९६२ पासून देशभर तीच. ईव्हीएम बनवणाऱ्या दोन सरकारी कंपन्यांपैकी एक, बीईएल, ती तर बेंगळुरूचीच. तिसरा अधिकारी चिठ्ठी घेऊन कंट्रोल युनिटचं बटण दाबतो, तेव्हाच पुठ्ठ्याच्या आडोशामागचं यंत्र एका मतापुरतं जागं होतं. निळं बटण, लाल दिवा, काचेआड सात सेकंद दिसणारी चिठ्ठी, लांब बीप. बीप ऐकू आली नाही की सगळ्यांच्या माना वर होत. बहुधा एखादे आजोबा चष्मा शोधत असत.

दुपारी रांग आटली, तशा गप्पा सुरू झाल्या. शेजारचा एजंट मूळचा फोंड्याचा, कोकणी बोलणारा. अमेरिकेत म्हणे राज्याच्या निवडणुकीत गव्हर्नरबरोबर प्रश्नांवरही मत देतात, असं मी म्हणताच तो हसला. “आम्ही गोंयकारांनी ते कधीच करून ठेवलंय. आमचे वडील फुलाचे, आई दोन पानांची. घरात महिनाभर अबोला!” १६ जानेवारी १९६७ चा तो गोव्याचा जनमत कौल. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानं म्हणजे स्वतंत्र केंद्रशासित प्रदेश. चौतीस हजार एकवीस मतांनी पानं जिंकली. मराठी माणसाला तो निकाल अजून टोचतो. मला विचाराल तर गोव्याला विचारलं गेलं, हेच मोठं.

सहा वाजता रांगेतल्या शेवटच्या माणसापासून पुढे चिठ्ठ्या वाटल्या गेल्या, म्हणजे मागून कोणी घुसू नये. ती रांग संपली, ‘क्लोज’ दाबलं, एकूण मतांचा आकडा रजिस्टरशी ताडून पाहिला. बाईंनी तो नमुना १७-सी मध्ये भरला आणि आम्हाला सही-शिक्क्याची एकेक प्रत दिली. तोवर वर्गात सकाळच्यापेक्षा कमी एजंट उरले होते. जेवणानंतर गेलेले काही परतलेच नाहीत, आणि त्यांच्या पक्षांकडे या बूथचा कागद नाही.

राज्यात मतदान त्र्याहत्तर टक्क्यांवर गेलं, बेंगळुरू शहर चोपन्नच्या आसपासच अडकलं. १३ मे च्या मोजणीत काँग्रेसला २२४ पैकी १३५ जागा मिळाल्या. आमच्या इथे मात्र भाजपचे एस. रघू पुन्हा निवडून आले. माझा अपक्ष कुठे राहिला हे विचारू नका.

पुढे २०२४ च्या महाराष्ट्र निवडणुकीनंतर मतदानाच्या संध्याकाळच्या वाढीव टक्केवारीवर रणकंदन झालं. २०२५ मध्ये शेजारच्या महादेवपुऱ्याची मतदारयादी देशभर गाजली. राहुल गांधींनी त्या यादीवर आरोप केले, निवडणूक आयोगाने ते फेटाळले. यादीचा वाद मतदानाच्या आधीच लढायचा असतो, मसुदा यादी प्रसिद्ध होते तेव्हा हरकत घेऊन. टक्केवारीच्या वादात मात्र मतदानाच्या दिवशी प्रत्येक बूथवर हातात पडणारा १७-सी हाच पुरावा, आणि तो घरी नेण्यासाठी कोणीतरी शेवटपर्यंत बसलेलं लागतं. तुम्हाला शंका असेल, किंवा नसेलही, तरी पुढच्या वेळी एखाद्या उमेदवाराकडे जाऊन एजंट म्हणून नाव द्या. त्यांना माणसं कमीच पडतात. डबा घेऊन जा आणि कागद हातात पडल्याशिवाय उठू नका.