तारण सोन्याचे, तलवार लेकीची

बँकेच्या नोकरीत सोनेतारण कर्जाचे अर्ज मी किती पाहिले असतील, याचा हिशेब नाही. सराफाने कसोटीवर घासून, तोलून दिलेले दागिने, त्यांची पिशवी, वर लाखेची मोहर. आणि अर्जात एक रकाना, 'कर्जाचे प्रयोजन'. आमच्या वऱ्हाडात त्या रकान्यात पेरणी यायची, मुलीचे लग्न यायचे, दवाखाना यायचा. फार तर मुलाचे इंजिनिअरिंग. 'मुलीची तलवार' असे लिहिलेला अर्ज माझ्या टेबलावर कधी आला नाही. आला असता, तर मॅनेजरसाहेबांनी आधी मलाच आत बोलावले असते.

चेन्नईतल्या एका पुजाऱ्याच्या घरात मात्र हेच घडले. भवानीदेवीच्या आईने, रमणी यांनी, लेकीच्या तलवारबाजीसाठी आपले दागिने गहाण ठेवले. २००४ साली शाळेत खेळ निवडायची वेळ आली, तेव्हा बाकीच्या खेळांतल्या जागा भरलेल्या होत्या. उरली होती तलवारबाजी. तलवारी महाग, म्हणून सुरुवातीचा सराव बांबूच्या काठीने. आमच्या मेळघाटात बांबूला तोटा नाही, आणि हातात काठी घेतलेली मुलगीही नवी नाही; पण ती गुरांमागे जाणारी.

निवृत्तीनंतर मी चिखलदऱ्याला राहतो. भीमाने कीचकाला मारून इथल्या दरीत फेकले, म्हणून हा 'कीचकदरा', अशी आख्यायिका इथला कोणीही सांगेल. अपमान द्रौपदीचा, सूड मात्र भीमाच्या हातून. महाभारताचे सोडा, ऑलिंपिकवाल्यांची तऱ्हा तरी कुठे वेगळी होती? पुरुषांची सेबर १८९६ साली, अथेन्सच्या पहिल्याच ऑलिंपिकमध्ये होती. बायकांना १९२४ मध्ये फॉइल ही हलकी तलवार मिळाली. १९३६ साली आमच्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक भारतीय खेळ दाखवायला बर्लिनला गेले, तेव्हाही बायकांच्या हाती तेवढी एक फॉइलच होती. एपी आली १९९६ मध्ये. आणि सेबर, जिच्यात टोकाबरोबर धारेचाही वार चालतो, ती २००४ मध्ये, पुन्हा त्याच अथेन्सला. म्हणजे १०८ वर्षांनी! चेन्नईतल्या त्या मुलीने बांबू हाती धरला, तेही हेच वर्ष.

सेबर घोडेस्वाराच्या तलवारीच्या वंशातली. वार कमरेच्या वरच धरतात. डोके, हात, धड. खेळाडूच्या जाकिटात आणि मुखवट्यात धातूच्या तारा असतात, तलवार टेकली की दिवा पेटतो. पुष्कळदा दोघींचे दिवे एकदमच पेटतात. मग पंच ठरवतो की चढाईचा हक्क कोणाचा होता, गुण तिचा. तो वार अडवला, की हक्क दुसरीकडे गेला. पंधरा गुणांची लढत, आठ झाले की थोडी विश्रांती. सगळे इतके झटपट, की डोळ्याला फक्त दिवे दिसतात.

२६ जुलै २०२१ ला सकाळी टोकियोतली लढत मी टीव्हीवर पाहिली. बाहेर धुके, वीज येऊन-जाऊन. ऑलिंपिकमध्ये उतरलेली भवानीदेवी ही भारताची पहिलीच तलवारबाज. ट्युनिशियाच्या नादिया बेन अझीझीला तिने १५-३ असे झटक्यात हरवले. आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या मावशी पदराला हात पुसत दारात थांबल्या.

"भाऊ, ह्या पोरी एकमेकीले कायले मारून राह्यल्या?"

मी खेळ समजावला, आईच्या दागिन्यांचेही सांगितले. त्यांनी एकच विचारले, "मंग सोडोले का थे दागिने?"

वऱ्हाडातल्या बाईला हाच प्रश्न पडणार. दागिना गेला म्हणजे काय जाते, हे तिला मॅनेजरपेक्षा जास्त कळते. त्या दागिन्यांची पावती काही मी पाहिलेली नाही, पण तलवारीची किंमत जगजाहीर आहे. भवानीदेवीने पंतप्रधानांना भेट दिलेली तलवार त्याच वर्षी लिलावात निघाली आणि बोली सव्वा कोटीवर गेली. एवढ्या तारणावर मी डोळे मिटून सही केली असती!

दुसरी लढत फ्रान्सच्या मॅनॉन ब्रुनेशी झाली. ती जगात तिसरी. भवानी ७-१५ अशी हरली आणि नंतर तिने चक्क देशाची माफी मागितली. मला ते आवडले नाही. कोट्यवधींची कर्जे बुडवून परदेशी गेलेल्यांनी कधी माफी मागितल्याचे ऐकले आहे का? आणि ही हरली तरी कोणाकडून? त्याच ब्रुनेने २०२४ मध्ये पॅरिसला सुवर्णपदक घेतले.

भवानीने माफीनंतर तलवार खाली ठेवली नाही, हे बरे. जून २०२३ मध्ये चीनमधल्या वूशी इथे आशियाई अजिंक्यपद स्पर्धा झाली. उपांत्यपूर्व फेरीत समोर जपानची मिसाकी एमुरा, आदल्या वर्षीची जगज्जेती. भवानीने तिला १५-१० असे हरवले. उपांत्य फेरीत उझबेकिस्तानच्या झैनब दायिबेकोवाशी लढत थेट १४-१४ पर्यंत गेली आणि शेवटचा दिवा झैनबचा पेटला. कांस्यपदक मिळाले. या स्पर्धेत भारताला तलवारबाजीचे पदक त्याआधी कधीच मिळाले नव्हते.