आत्याचा गुडघा आणि गडाच्या पायऱ्या

नाशिकची द्वारका म्हणजे श्रीकृष्णाची द्वारका नव्हे. मुंबई-आग्रा महामार्गाला पुण्याचा रस्ता जिथे येऊन मिळतो, त्या चौकाचे हे नाव. डोक्यावर उड्डाणपूल, खाली रिक्षा, एस.टी. आणि मालमोटारी, आणि त्यांच्यातून वाट काढणारी माणसे. या चौकापासून हाकेच्या अंतरावर माझी आत्या राहते. तिच्या गॅलरीत सकाळी चहाचा कप घेऊन बसावे आणि खालच्या माणसांच्या चाली पाहाव्यात. तास कसा गेला ते कळत नाही. कुणी एक पाय काठीसारखा ताठ ठेवून चालतो, कुणी बदकासारखा डुलत जातो. कुणी रिक्षातून उतरताना आधी दोन्ही हात गुडघ्यांवर टेकतो, मग ‘आई गं’ म्हणतो आणि मग उठतो. चाळिशी उलटलेल्या वाचकांना हे ‘आई गं’ परिचयाचे असेल!

आत्याला ही गंमत पाहायला वेळच वेळ होता, कारण आठ महिन्यांत ती जिना उतरली नव्हती. घर तिसऱ्या मजल्यावर आणि इमारत जुनी, तेव्हा लिफ्टचे नाव नको. भाजी दोरीला बांधलेल्या पिशवीतून वर यायची. तिचा हिशेब सरळ होता. गुडघा म्हणजे साबणाची वडी. वापरली की झिजते. उरली आहे तेवढी पुरवून वापरावी.

पण एक गोष्ट तिच्या मनातून जात नव्हती. सप्तशृंगी हे आमचे कुलदैवत. लग्नाआधीपासून आत्या दरवर्षी वणीच्या गडावर जायची आणि पायऱ्या चढूनच जायची. गेली दोन वर्षे ते चुकले होते. “आता देवीलाच इकडे बोलवा,” ती हसत म्हणाली. पण ते हसणे काही खरे नव्हते.

मी तोडगा काढला. गडगावापासून मंदिरापर्यंत सुमारे पाचशे पायऱ्या आहेत खऱ्या, पण 2018 सालापासून तिथे रुळांवरून जाणारी ट्रॉलीही आहे. “ट्रॉलीने वर जाऊ,” मी म्हटले, “आणि पायऱ्यांचा तुझा हट्टच असेल तर येताना उतरून येऊ. उतरायला काय कष्ट पडतात?” माझ्या या शहाणपणाचे पुढे काय झाले ते सांगतोच.

आमचे एक स्नेही हाडांचे डॉक्टर आहेत. एका रविवारी त्यांना चहाला बोलावले. त्यांनी आत्याचे दोन्ही गुडघे दाबून, वाकवून, सरळ करून पाहिले, जुना एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि विचारले, “आजी, गुडघा म्हणजे काय आहे, ठाऊक आहे का तुम्हाला?”

“दाराची बिजागरी,” आत्या म्हणाली.

बहुतेकांचे उत्तर हेच असते. आपल्या शरीरातला हा सर्वांत मोठा सांधा. पण त्याची रचना प्रथमदर्शनी अगदी बेभरवशाची वाटते. खुब्याचा सांधा पाहा: मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडातल्या खोल वाटीत उखळातल्या मुसळासारखा बसलेला असतो. गुडघ्यात तशी सोय नाही. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला दोन गोलाकार फुगवटे असतात आणि ते नडगीच्या हाडाच्या जवळजवळ सपाट माथ्यावर टेकलेले असतात. ताटात दोन पेरू ठेवावेत तसा प्रकार! मग ते घरंगळत का नाहीत?

इथे डॉक्टरांनी दिलेली उपमा आत्याला फार आवडली. गोल बुडाची घागर डोक्यावर ठेवताना आपण काय करतो? खाली चुंबळ ठेवतो. गुडघ्यातल्या प्रत्येक फुगवट्याखाली निसर्गाने अशीच एक चुंबळ ठेवली आहे. ती चिवट कूर्चेची असते आणि आकाराने चंद्रकोरीसारखी. तिच्यामुळे हाड डगमगत नाही, आणि भार एका बिंदूवर न पडता पसरतो. कबड्डी किंवा फुटबॉल खेळताना पाय जमिनीत रोवलेला असतो आणि अंग एकदम वळते, तेव्हा पुष्कळदा फाटते ती ही चुंबळ. फाटलेला तुकडा मध्ये अडकला तर गुडघा वाकतही नाही की सरळही होत नाही.

चुंबळीखेरीज चार दोर आहेत, म्हणजे अस्थिबंध. दोन बाजूंना दोन; ते गुडघ्याला आत-बाहेर कलू देत नाहीत. आणि सांध्याच्या पोटात एकमेकांना फुलीसारखे छेदून जाणारे दोन. ते नडगीला पुढे-मागे घसरू देत नाहीत. क्रिकेटपटूचा गुडघा गेला असे आपण वर्तमानपत्रात वाचतो, तेव्हा पुष्कळदा या फुलीतला पुढचा दोर तुटलेला असतो.

आता गुडघ्याची वाटी. हे हाड मांडीच्या मोठ्या स्नायूच्या कंडरेतच बसवलेले आहे. जन्मलेल्या बाळाच्या गुडघ्यात ते नसते, असे म्हटले तरी चालेल. तिथे नुसती कूर्चा असते आणि तिचे हाड व्हायला साधारण तिसऱ्या वर्षापासून सुरुवात होते. रांगत्या मुलांना निसर्गाने मऊ गुडघे दिले आहेत ते बरेच झाले! वाटीचे काम कप्पीसारखे आहे. ती कंडरेला सांध्यापासून जरा पुढे उचलून धरते, त्यामुळे त्याच स्नायूचा जोर अधिक लागतो. वाटीच्या पाठीमागची कूर्चा शरीरातली सर्वांत जाड, पाच-सहा मिलिमीटरपर्यंत असते. तिला जाड का केले, ते पुढे पायऱ्यांच्या हिशेबात कळेल.

गुडघ्याला कुलूपही आहे! पाय पूर्ण सरळ होताना अगदी शेवटच्या क्षणी नडगी किंचित बाहेर वळते आणि सांधा घट्ट बसतो. म्हणून दर्शनाच्या रांगेत तास-तास उभे राहिले तरी मांडीचे स्नायू फारसे शिणत नाहीत. हे कुलूप उघडतो लवणीतला एक छोटासा स्नायू. शाळेत प्रार्थनेला उभ्या असलेल्या मुलाच्या लवणीत मागून हळूच गुडघा मारायचा आणि तो कोसळला की हसायचे, हा उद्योग पुष्कळ वाचकांनी केला असेल. ती कुलपाचीच करामत.

“ते सगळे खरे,” आत्या म्हणाली, “पण माझी वडी झिजली त्याचे काय?”

डॉक्टरांनी झीज नाकारली नाही. एक्स-रेमध्ये ती दिसतच होती. पण वडीची उपमा त्यांना मान्य नव्हती. हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. मग तिला अन्न कोण पुरवते? सांध्यातले वंगण. हे वंगण निरोगी गुडघ्यात चमचाभरही नसते. पाऊल टेकले की कूर्चा स्पंजासारखी दाबली जाते आणि तिच्यातला द्रव बाहेर येतो. पाऊल उचलले की ती नवा द्रव शोषून घेते. चालणे हेच तिचे जेवण! आठ महिने खुर्चीत बसलेल्या गुडघ्याला आपण जपत नसून उपाशी ठेवत असतो. शिवाय मांडीचा स्नायू रोडावतो, आणि भार झेलायचा तो त्यानेच. झिजलेली कूर्चा व्यायामाने परत उगवत नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. पण एक्स-रेतली झीज आणि माणसाचे दुखणे यांचे प्रमाण जुळतेच असे नाही. बरीच झीज झालेली माणसेही चालती-फिरती असतात.

आणि मग माझ्या तोडग्याचा निकाल लागला. बर्लिनच्या संशोधकांनी कृत्रिम गुडघ्यांतच मापकयंत्रे बसवून गुडघ्यावरचा भार प्रत्यक्ष मोजला आहे. सपाटीवर चालताना तो शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भरतो, जिना चढताना तिपटीहून थोडा अधिक, आणि उतरताना साडेतीन पटीच्या आसपास! म्हणजे साठ किलोच्या माणसाच्या गुडघ्यावर उतरताना पायरीगणिक दोनशे किलोंहून जास्त. चढताना दम लागतो, म्हणून आपल्याला चढणे अवघड वाटते. पण उतरताना मांडीच्या स्नायूला सारे वजन आवरत-आवरत खाली ठेवावे लागते आणि वाटी मागच्या हाडावर दाबली जाते.

“पाचशे पायऱ्या,” डॉक्टर मला म्हणाले, “म्हणजे एकेका गुडघ्याला अडीचशे वेळा. आणि तुम्ही आजींना नेमक्या उतरवणार होतात!”

मी चहाचा कप उचलून आत गेलो.

शस्त्रक्रियेचा विषय आत्यानेच काढला. अटलबिहारी वाजपेयी पंतप्रधान असताना ऑक्टोबर 2000 मध्ये एक आणि जून 2001 मध्ये दुसरा, असे त्यांचे दोन्ही गुडघे मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलण्यात आले. ते करणारे डॉ. चित्तरंजन राणावत हे मूळचे मध्य प्रदेशातले. पुढे न्यूयॉर्कला गेले आणि 1970 नंतरच्या दशकात तिथे जो नमुनेदार कृत्रिम गुडघा तयार झाला, त्याच्या जनकांपैकी ते एक. त्या शस्त्रक्रियांनंतर आपल्याकडच्या घराघरांत गुडघेबदलाची चर्चा सुरू झाली. खर्चाची धास्ती मोठी होती. 2017 साली सरकारने या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली; नेहमीच्या सांध्यासाठी ती सुमारे 55 हजार रुपये होती, रुग्णालयाचा खर्च वेगळा. ज्यांना रात्री झोप लागत नाही, चार पावले टाकवत नाहीत, त्यांना ही शस्त्रक्रिया वरदान ठरते. पण उकिडवे बसणे, विळीवर भाजी चिरणे, मांडी घालून पंगतीत जेवणे हे आपले संसारातले प्रकार नव्या गुडघ्याला बहुधा वर्ज्यच असतात.

“तुमची वेळ अजून आलेली नाही,” डॉक्टर म्हणाले. गुडघा एकाएकी सुजला, तापला, ताप आला, पाय टेकवेना किंवा सांधा अडकून बसला, तर मात्र घरगुती लेपांत दिवस न घालवता दाखवायचे, अशी ताकीद त्यांनी दिली. नुसता कटकट आवाज होत असेल आणि दुखत नसेल तर घाबरू नये, हेही सांगितले.

मग व्यायाम सुरू झाला. खुर्चीवर बसून पाय समोर सरळ करायचा, दहा आकडे मोजायचे, सावकाश खाली ठेवायचा. आत्या आकडे मोजण्याऐवजी देवीचे नाव घ्यायची. पहिले दोन आठवडे तिने मला आणि डॉक्टरांना पोटभर नावे ठेवली. तिसऱ्या आठवड्यात ती घरातल्या घरात फेऱ्या घालू लागली. दीड महिन्याने कठडा धरून एक मजला उतरली आणि परत चढली. चार महिन्यांनी भाजीची दोरी सोडून तिने वाळत घालायला बांधली.

गर्दी नको म्हणून आम्ही नवरात्र टाळून एका साध्या मंगळवारी निघालो. नांदुरीचा घाट चढून गाडी गडावर पोचली. उमाबाई दाभाडे यांनी अठराव्या शतकात बांधवलेल्या पायऱ्यांपाशी आत्या थांबली, काठी उजव्या हातात घेतली, दुखणारा पाय डावा म्हणून. हेही डॉक्टरांनीच शिकवलेले. काठी दुखऱ्या पायाच्या उलट हातात हवी. चढताना चांगला पाय आधी वर. वीस-पंचवीस पायऱ्या झाल्या की ती कठड्याशी उभी राही, खालच्या माणसांच्या चाली पाही आणि माझ्या कानात सांगे, “त्या निळ्या शर्टाचा उजवा गेलाय बघ.”

तास-सव्वा तास लागला. अठरा हातांच्या देवीसमोर ती बराच वेळ हात जोडून उभी होती. बाहेर आल्यावर मी विचारले, “आत्या, आता?”

“आता काय? ट्रॉली,” ती म्हणाली. “उतरायचे कष्ट तुझे तू घे.”