गणिताच्या खुणा वाचाव्यात कशा?

जबलपूरच्या अधारतालसारख्या वस्तीत वाढणारे मराठी घरातले मूल घरी ‘पाच अधिक तीन’ म्हणते आणि हिंदी शाळेत ‘पाँच धन तीन’. वहीत मात्र दोन्ही वेळा ५ + ३ एवढेच उमटते. गणिताच्या चिन्हाला बोली नसते. अर्थ असतो, आणि तो सर्वांनी मिळून ठरवलेला असतो. हा संकेत समजून न घेता चिन्हे नुसती गिरवली, तर आकडेमोड येते, पण गणित दुरावते.

ही खूणभाषा एका दिवसात घडलेली नाही. ११५० साली ‘बीजगणित’ लिहिणारे भास्कराचार्य अज्ञात राशीला ‘यावत्तावत्’ म्हणत आणि तिच्यासाठी ‘या’ हे अक्षर योजीत. ज्ञात संख्येसाठी ‘रू’, म्हणजे रूप. एका राशीची पाचपट अधिक तीन म्हणजे अठरा, हे समीकरण त्या पद्धतीत असे मांडले जाई: वर ‘या ५ रू ३’ आणि त्याखाली ‘या ० रू १८’. बरोबरीचे चिन्ह नाही. दोन ओळी एकाखाली एक असणे हीच बरोबरीची खूण. ऋण संख्येच्या डोक्यावर ते बिंदू देत.

आज आपण वापरतो ते = हे चिन्ह वेल्सच्या रॉबर्ट रेकॉर्ड यांनी १५५७ साली छापले. सारख्या लांबीच्या दोन समांतर रेषांहून अधिक समान असे काय असणार, हा त्यांचा विचार. म्हणजे हे चिन्ह तराजूच्या दांडीसारखे आहे. दोन्ही पारडी समतोल आहेत, एवढेच ते सांगते.

मुले मात्र त्याचा अर्थ ‘आता उत्तर लिही’ असा घेतात. दोन आणि तीन यांच्या बेरजेची चौपट काढताना ती लिहितात: २ + ३ = ५ × ४ = २०. उत्तर बरोबर, विधान खोटे! कारण ही ओळ वाचली तर दोन अधिक तीन म्हणजे वीस असे होते. खरे लेखन (२ + ३) × ४ = २०. कंस काढला तर गुणाकार आधी करण्याच्या संकेतानुसार उत्तर १४ येते. अंकगणितात ही सवय खपून जाते. बीजगणितात दोन्ही बाजूंवर सारखीच क्रिया करावयाची असते, आणि तेथे तराजू न ओळखणारा विद्यार्थी अडखळतो.

चिन्हाइतकीच त्याची जागाही बोलते. २३ म्हणजे तेवीस. येथे शेजारी बसल्याने दोनाचे वीस झाले. २क्ष म्हणजे क्षची दुप्पट. येथे शेजार म्हणजे गुणाकार. आपल्या जुन्या हिशेबवह्यांत ४॥ म्हणजे साडेचार. तेथे शेजार म्हणजे बेरीज. लिहिण्याची रीत एकच, अर्थ तीन. संदर्भ सांगितला नाही तर मुलाने गोंधळू नये तर काय करावे?

उलट कधी आपली भाषाच चिन्हाच्या मदतीला येते. ८ − ३ हे आपण ‘आठ वजा तीन’ असे वाचतो, आणि नुसते −३ हे ‘ऋण तीन’ असे. पहिली क्रिया आहे, दुसरा संख्येचा गुणधर्म. रेघ तीच, पण मराठीने दोन शब्द जपले आहेत. शिक्षकाने ते कटाक्षाने वेगळे उच्चारले, तर निम्मे काम तेथेच होते.

म्हणून मुलाने गणित सोडवले की ‘उत्तर काय आले?’ एवढेच विचारू नये. लिहिलेली ओळ त्याला मोठ्याने वाचायला सांगावी. समीकरण हे एक वाक्य आहे. वाचताना ते खरे ठरले, तर चिन्हे समजली. खोटे ठरले, तर चूक कोठे आहे ते मुलाच्या स्वतःच्या कानालाच कळेल.