मुंग्यांची रांग पुसली, बीळ राहिले

ओट्यावर मुंग्यांची रांग दिसली की आपण ती फडक्याने टिपतो किंवा फवारा मारतो. दोन दिवसांत रांग पुन्हा लागते आणि औषध कुचकामी होते असे वाटते. खरे कारण वेगळे आहे.

खाऊ सापडलेली मुंगी बिळाकडे परतताना वाटेवर फेरोमोन (इतर मुंग्यांना वाट दाखवणारे गंधद्रव्य) सोडते. त्या मागावरून बाकीच्या येतात. रांगेतल्या मुंग्या म्हणजे गावातून बाजाराला आलेली चार माणसे. ती परतली नाहीत तरी गाव उठत नाही. बिळात राणी अंडी घालतच राहते.

म्हणून उपाय बिळापर्यंत पोहोचायला हवा. कपभर साखरेच्या पाण्यात अर्धा चमचा बोरिक पावडर विरघळवून कापसाचा बोळा भिजवावा आणि रांगेजवळ ठेवावा. मुंग्या ते पाणी बिळात नेऊन राणीला व पिलांना भरवतात. पावडर जास्त झाली तर त्या वाटेतच मरतात. काही दिवस धीर धरावा, तोवर फवारा मारू नये. रांग थांबली की वाट साबणाच्या पाण्याने पुसावी.

बोरिक पावडर विषारी आहे. बोळा लहान मुले आणि पाळीव प्राण्यांपासून दूर ठेवा.