दाढ काढायची भीती वाटते? निर्णय कसा घ्यावा

"मॅडम, दुखायची गोळी द्या, पण दाताच्या डॉक्टरकडे जा म्हणू नका." मुळशी तालुक्यात जनरल प्रॅक्टिस करताना हे वाक्य मी नेहमी ऐकते. बोलणारे घाबरट नसतात. शेतात विळा लागला तर हाताला फडके गुंडाळून काम पुरे करणारी माणसेही दाढेचे नाव काढले की मागे सरतात.

पौडच्या पुढच्या एका गावातले पन्नाशीचे काका असेच यायचे. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) त्यांची खालची दाढ किडली होती. लहानपणी त्यांचा एक दात नीट बधिर न करता, हातपाय धरून काढला होता. ती आठवण चाळीस वर्षांनीही ताजी होती. मी त्यांना तीन वेळा गोळ्या लिहून दिल्या आणि तिन्ही वेळा "दाढ दाखवून घ्या" असे सांगितले. ते का जात नाहीत, हे मात्र एकदाही विचारले नाही. भाताच्या लावणीच्या दिवसांत ते आले, तेव्हा जबड्याखाली सूज होती, तोंड जेमतेम एक बोट उघडत होते आणि थुंकी गिळता येत नव्हती. त्याच रात्री त्यांना पुण्याला दाखल करावे लागले. हनुवटीखाली चीर देऊन पू काढला आणि दाढही काढली. ज्या त्रासाच्या भीतीने त्यांनी दाढ टाळली, त्याहून कितीतरी मोठा त्रास त्यांना सोसावा लागला.

त्यानंतर मी दाढदुखीच्या प्रत्येक रुग्णाला आधी भीतीबद्दल विचारते. मी दंतवैद्य नाही. तुमची दाढ काढायची की वाचवायची, हे तपासून तेच सांगतील. पण "जायचे की नाही" हा निर्णय बहुतेक जण त्याआधी घरीच घेऊन टाकतात. हा लेख त्या निर्णयासाठी आहे.

दोन प्रश्न वेगळे करा

पहिला प्रश्न: या दाताला कोणत्या उपचाराची गरज आहे? दुसरा प्रश्न: तो उपचार मला झेपेल असा कसा करून घ्यायचा? भीती वाटणारी व्यक्ती दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्याला देते. "मला भीती वाटते, म्हणून दाढ काढायची नाही." कधी उलटही होते. रूट कॅनलला तीन-चार वेळा जावे लागेल या धास्तीने वाचू शकणारी दाढ लोक काढून टाकतात. दोन्ही निर्णय भीतीचेच आहेत. म्हणून आधी भीती नाहीच असे समजून पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळवा.

त्यासाठी फक्त तपासणी आणि एक एक्स-रे पुरतो. जाताना स्पष्ट सांगा, "आज फक्त तपासून सल्ला हवा आहे, काही काढायचे नाही." एवढे ठरवून गेले तरी पहिले पाऊल सोपे होते.

दात केव्हा वाचतो, केव्हा काढावा लागतो?

कीड नसेपर्यंत गेली असली, तरी दाताचा पुरेसा भाग शिल्लक असेल, मूळ शाबूत असेल आणि हाडाचा आधार चांगला असेल, तर रूट कॅनल करून वर कॅप बसवता येते. दात वाचत असेल तर वाचवणे बहुधा चांगले.

पुढील परिस्थितीत दात काढण्याचा सल्ला मिळू शकतो:

- कीड हिरडीच्या खाली खोलवर गेली आहे आणि कॅप बसवायला भाग उरलेला नाही.
- मूळ उभे चिरले आहे.
- पायरियामुळे हाड झिजून दात खूप हलतो आहे.
- रूट कॅनल करूनही पुन्हा पुन्हा पू होतो आणि ते परत करणे शक्य नाही.
- अक्कलदाढ वाकडी अडकली आहे, तिच्यावरची हिरडी वारंवार सुजते किंवा शेजारची दाढ खराब होते आहे.

अक्कलदाढ वाकडी आहे, पण काहीच त्रास नाही, तर ती काढलीच पाहिजे असे नाही. लक्ष ठेवता येते. शंका असल्यास दुसऱ्या दंतवैद्याचे मत घ्या.

तंबाखू, मिश्री किंवा गुटख्याची सवय असेल, तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. एखादाच दात अचानक हलू लागला, शेजारी चट्टा किंवा जखम आहे आणि ती दोन आठवड्यांत भरत नाही, तर दात काढण्याची घाई करू नका. आधी तोंडाच्या कर्करोगाची शंका दूर करून घ्या.

गोळ्यांवर दिवस काढले तर?

दाढेच्या आतली नस सुजते तेव्हा ठणका लागतो. काही दिवसांनी नस मरते आणि दुखणे थांबते. रुग्णाला वाटते दाढ बरी झाली. प्रत्यक्षात जंतुसंसर्ग मुळाच्या टोकाकडून हाडात सरकत असतो.

अँटिबायोटिकने सूज काही काळ उतरते, पण मेलेल्या नसेत रक्तपुरवठाच नसल्याने औषध मूळ जागेपर्यंत पोहोचत नाही. म्हणून गोळ्या संपल्या की त्रास परत येतो. वेदनाशामक गोळ्या महिनोन् महिने घेतल्या, तर जठरात व्रण होऊ शकतो आणि मूत्रपिंडावर परिणाम होतो. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांना हा धोका जास्त. दाढेत अ‍ॅस्पिरिनची गोळी दाबून ठेवू नका, हिरडी भाजते. लवंगेच्या तेलाने तात्पुरता आराम पडतो, कीड जात नाही.

घाबरणाऱ्यांसाठी सर्वांत महत्त्वाचा मुद्दा वेगळाच आहे. पू आणि सूज असलेल्या जागी आम्लता वाढते आणि तिथे बधिर करणारे औषध कमी प्रभावी ठरते. म्हणजे जितके थांबाल, तितके दुखण्याची शक्यता जास्त. दाढ शांत असताना गेलात, तर ती चांगली बधिर होते.

लगेच रुग्णालयात जा, जर:

- सूज जबड्याखाली, मानेकडे किंवा डोळ्याकडे पसरत असेल
- तोंड उघडता येत नसेल, जीभ वर उचलल्यासारखी वाटत असेल
- गिळायला, बोलायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल
- सुजेबरोबर थंडी वाजून ताप येत असेल

अशा वेळी सकाळची वाट पाहू नका. रात्र असली तरी निघा.

दात काढताना नेमके काय होते?

आज सर्वत्र वापरले जाणारे लिग्नोकेन हे औषध स्वीडनमध्ये १९४३ साली तयार झाले आणि १९४८ पासून वापरात आले. आजी-आजोबांच्या तोंडून ऐकलेल्या, जत्रेत किंवा रस्त्याकडेला पकडीने दात उपटण्याच्या गोष्टींत बधिर करणे नव्हतेच. त्या गोष्टींवरून आजचा अंदाज बांधू नका.

इंजेक्शनची सुई टोचते. आधी हिरडीवर बधिर करणारे जेल लावले, तर ते टोचणेही कमी जाणवते. काही मिनिटांत ओठ आणि गाल जड होतात. नंतर दंतवैद्य तपासून पाहतात. बधिर झाले नसेल तर स्पष्ट सांगा, अजून औषध देता येते.

औषधाने वेदना थांबते, दाब जाणवणे थांबत नाही. दात सैल करताना ढकलल्यासारखे वाटते. कटकट असा आवाज हाडातून थेट कानात पोहोचतो, म्हणून मोठा वाटतो. हे आधी माहीत असले की दचकायला होत नाही. "दाब जाणवतोय" आणि "दुखतंय" यात फरक करा. दुखत असेल तर लगेच थांबवा.

इंजेक्शननंतर दोन-चार मिनिटे छातीत धडधडू शकते. औषधातील अ‍ॅड्रेनॅलिनमुळे असे होते आणि ते आपोआप थांबते. अनेक जण यालाच "मला इंजेक्शनची अ‍ॅलर्जी आहे" असे समजतात. खरी अ‍ॅलर्जी फारच क्वचित असते.

"वरचा दात काढला की नजर कमी होते" हा समज आपल्याकडे पक्का आहे. दातांच्या नसा आणि दृष्टीची नस वेगवेगळ्या आहेत. दात काढल्याने नजर जात नाही.

भीती किती आहे, ते मोजा

स्वतःला पाच प्रसंग विचारा: उद्या दाताच्या डॉक्टरकडे जायचे आहे, बाहेर बाकावर नंबरची वाट पाहताय, मशीनने दात कोरणार आहेत, दात साफ करणार आहेत, हिरडीत इंजेक्शन देणार आहेत. प्रत्येकाला १ (अजिबात भीती नाही) ते ५ (प्रचंड भीती) गुण द्या. दंतवैद्यकात याच धर्तीची प्रश्नावली वापरतात. बेरीज १९ किंवा जास्त आली, तर भीती तीव्र मानतात. हा आकडा दंतवैद्यांना सांगा. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

भीती असूनही उपचार कसा करून घ्यावा?

- पूर्वीचा वाईट अनुभव सुरुवातीलाच सांगा.
- खूण ठरवा. डावा हात वर केला की काम थांबेल. थांबवण्याचा अधिकार आपल्या हाती आहे, हे कळले की भीती बरीच उतरते.
- सकाळची पहिली वेळ घ्या. दिवसभर धास्ती राहत नाही.
- बरेच दात खराब असतील, तर सोप्या दातापासून सुरुवात करा.
- फक्त हिरडी बधिर करणार असतील, तर नेहमीप्रमाणे खाऊन जा. उपाशीपोटी चक्कर येते.
- श्वास सावकाश सोडा. आवाजाचा त्रास होत असेल तर कानात गाणी लावा.

एवढ्याने भागत नसेल, तर चिंता कमी करणारी गोळी, नायट्रस ऑक्साइड वायू, शिरेतून गुंगी आणणारे औषध आणि शेवटी रुग्णालयात पूर्ण भूल, असे टप्पे आहेत. गोळी डॉक्टरांनी दिली तरच घ्या. त्या दिवशी दारू नको, गाडी चालवायची नाही आणि सोबत माणूस हवा. पूर्ण भूल सर्वांत सोपी वाटते, पण तिचे स्वतःचे धोके आहेत. ती खरी गरज असेल तेव्हाच.

प्रत्येक छोट्या दवाखान्यात हे सर्व मिळत नाही. ससून रुग्णालयाचा दंत विभाग किंवा पुण्यातील दंत महाविद्यालये, उदाहरणार्थ धनकवडीचे भारती विद्यापीठ किंवा पिंपरीचे डी. वाय. पाटील, येथे चौकशी करा.

आधी तुमच्या डॉक्टरांना हे सांगा

- रक्त पातळ करणारी औषधे: अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल स्वतःहून बंद करू नका. स्टेंट बसवलेल्यांना ते जिवावर बेतू शकते. वॉर्फरिन किंवा अ‍ॅसिट्रोम चालू असेल तर आयएनआर तपासावा लागतो.
- मधुमेह: साखर आटोक्यात असेल तर जखम लवकर भरते. पण दाढेतल्या पुवानेच साखर वाढते, त्यामुळे "साखर उतरल्यावर बघू" म्हणत महिने घालवू नका. गोळी घेऊन जेवण चुकवू नका.
- रक्तदाब: १८०/११० किंवा जास्त असेल तर आधी तो आटोक्यात आणावा लागतो.
- हृदयाची कृत्रिम झडप: दात काढण्यापूर्वी अँटिबायोटिकचा डोस लागतो.
- हाडांच्या ठिसूळपणाची किंवा कर्करोगाची इंजेक्शने, जबड्याला दिलेले रेडिएशन: जबड्याची जखम न भरण्याचा धोका असतो. हे न सांगता दात काढू नका.
- गरोदरपण: मधले तीन महिने सोयीचे. पू झाला असेल तर मात्र थांबू नये.

काढल्यानंतर

कापसाचा किंवा गॉजचा बोळा अर्धा ते पाऊण तास घट्ट दाबून ठेवा. पहिले २४ तास चूळ भरू नका, जोरात थुंकू नका, स्ट्रॉने पिऊ नका. दहीभात किंवा गार खिचडी खा. दुसऱ्या दिवसापासून मिठाच्या कोमट पाण्याने हलके खळखळा. रक्त आले तर पुन्हा अर्धा तास दाबा. तरी थांबले नाही तर दवाखान्यात जा.

मिश्री, तंबाखू, बिडी निदान काही दिवस पूर्ण बंद. जखमेत साकळलेले रक्त हीच तिची खपली असते. ती निघाली तर दुसऱ्या ते चौथ्या दिवशी दुखणे वाढते आणि तोंडाला घाण वास येतो. याला ड्राय सॉकेट म्हणतात. औषधाची पट्टी ठेवली की आराम पडतो.

ताम्हिणीकडच्या गावांतून येणाऱ्यांना मी सांगते, शक्यतो पावसाळ्याआधी उरकून घ्या. आठवड्याच्या सुरुवातीला, सकाळी दात काढा. काही त्रास झाला तर परत येता येते.

मोकळी जागा कशी भरायची (ब्रिज, इम्प्लांट की कवळी), हेही आधीच विचारा. जागा तशीच राहिली तर शेजारचे दात कलतात. अक्कलदाढेची जागा मात्र भरावी लागत नाही.

घरच्यांसाठी

"एवढ्याला काय घाबरायचे?" असे म्हणू नका. मुलांना "नीट वाग, नाहीतर डॉक्टर दात काढतील" अशी धमकी देऊ नका. ती मोठेपणीही पुरते. "तुला नेमकी कशाची भीती वाटते?" एवढे विचारा आणि सोबत जा.

लेखाच्या सुरुवातीचे काका पुढच्या वर्षी दुसरी दाढ दुखायला लागताच आले. या वेळी मी गोळीच्या आधी प्रश्न विचारला. ते म्हणाले, "सुईची नाही मॅडम, धरून ठेवतील याची भीती वाटते." मी तेच दंतवैद्यांना फोनवर कळवले. हाताची खूण ठरली. काकांनी दोनदा हात वर केला, दोन्ही वेळा डॉक्टर थांबले. ती दाढ रूट कॅनल करून वाचली. लवकर आल्यामुळे ती काढावी लागलीच नाही.