तीन किलोच्या रुग्णाचा सर्जन कसा घडतो?

नुकत्याच जन्मलेल्या, तीन किलो वजनाच्या बाळाच्या अंगात एकूण रक्त किती असेल? वर्गात हा प्रश्न विचारून पाहा. लिटर, दीड लिटर अशी उत्तरे येतील. प्रत्यक्षात ते जेमतेम पाव लिटर असते. वजनाच्या दर किलोमागे साधारण ८० ते ८५ मिलिलिटर. घरातल्या पाणी पिण्याच्या एका पेल्यात मावेल एवढे. शस्त्रक्रिया करताना यातले २५ मिलिलिटर गेले, तर एकूण रक्ताचा दहावा हिस्सा गेला. मोठ्या माणसाच्या हिशेबात हे सुमारे साडेचारशे मिलिलिटर झाले, म्हणजे रक्तदानाच्या वेळी काढतात तेवढे. म्हणूनच तान्ह्या बाळांच्या शस्त्रक्रियेत रक्त टिपलेल्या गॉजच्या घड्या नुसत्या टाकून देत नाहीत, त्यांचे वजन करतात.

रक्ताचे जे, तेच उष्णतेचे. वस्तू लहान होते तसे तिचे घनफळ पृष्ठफळापेक्षा वेगाने कमी होते, हे आपण घनाच्या उदाहरणाने शिकवतोच. बाळाच्या बाबतीत दर किलो वजनामागे त्वचेचे क्षेत्रफळ मोठ्या माणसाच्या जवळजवळ अडीच पट भरते. पोट उघडलेले बाळ थंडगार शस्त्रक्रियागृहात किती वेगाने गार पडत असेल, याची यावरून कल्पना यावी. आणि आजारही निराळे. मोठ्यांचा सर्जन पित्ताशयातले खडे, अल्सर, गाठी यांवर हात बसवतो. मुलांच्या सर्जनापुढे येतात ते प्रामुख्याने घडतानाच चुकलेले अवयव. तेव्हा मोठ्यांवर शस्त्रक्रिया करण्यात निष्णात असलेल्या सर्जनाने हात जरा जपून चालवला की तो मुलांचा सर्जन झाला, असे होत नाही. ही विद्या वेगळी शिकावी लागते. ती शिकण्याची संधी मिळते कुठे आणि किती, हा आमच्या मते या विषयातला खरा प्रश्न.

उदाहरणासाठी एकच विकार घेऊ. काही बाळांची अन्ननलिका अखंड नसते. वरचा भाग आंधळ्या पिशवीसारखा छातीत मध्येच संपतो आणि खालचा भाग बहुधा श्वासनलिकेला चिकटलेला असतो. अशा बाळाला दूध पाजले तर ते फुप्फुसात जाते. शिवाय जठरातील आम्लही उलट्या वाटेने श्वासनलिकेत शिरते. यावर उपाय एकच. छाती उघडून श्वासनलिकेशी झालेला जोड तोडायचा आणि अन्ननलिकेची दोन टोके एकमेकांना शिवायची. १९३९ पूर्वी अशी बाळे जवळजवळ सगळीच दगावत. ही दोन टोके एकाच शस्त्रक्रियेत जोडून बाळ वाचले ते प्रथम १९४१ मध्ये, अमेरिकेत मिशिगन राज्यातील अ‍ॅन आर्बर येथे. सर्जनांचे नाव कॅमेरॉन हाइट.

हा विकार साधारण चार हजार जन्मांत एकदा आढळतो. आता थोडे गणित करू. एखाद्या जिल्ह्यात वर्षाला चाळीस हजार बाळे जन्मतात असे धरा. म्हणजे हा विकार असलेली बाळे वर्षाला दहा. ती पाच रुग्णालयांत विभागली गेली, तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन. त्यांपैकी एका रुग्णालयात तीन वर्षे शिकणाऱ्या डॉक्टरला अशी सहा बाळे पाहायला मिळतील. पहिल्या काहींमध्ये तो नुसता मदतनीस असणार. उरलेल्यांत एखादे बाळ इतके नाजूक असेल की गुरुजी चिमटा त्याच्या हाती देणार नाहीत, आणि ते योग्यच. शेवटी स्वतःच्या हाताने केलेल्या शस्त्रक्रिया दोन किंवा तीन. दोन-तीनदा सायकलवर बसून सायकल येत नाही, मग हे कसे यावे? गंमत अशी, की देशाचा आकडा लहान नाही. भारतात दरवर्षी दोन कोटींहून अधिक बाळे जन्मतात. म्हणजे याच विकाराची बाळे पाच हजारांवर झाली. आजार एकूण पाहता पुष्कळ, पण शिकणाऱ्या एका जोडी हातांच्या वाट्याला मात्र फार थोडे.

शस्त्रक्रिया शिकवण्याची आजची पद्धत रूढ केली ती बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील विल्यम हॉलस्टेड यांनी, १८८९ पासून पुढे. शिकाऊ डॉक्टरने रुग्णालयातच राहायचे, आधी पाहायचे, मग हाताखाली काम करायचे, आणि वर्षावर्षाने जबाबदारी वाढत जायची. सुतार, सोनार, गवई यांच्याकडे चालणाऱ्या उमेदवारीचेच हे रुग्णालयीन रूप म्हणता येईल. पण या रीतीत एक गोष्ट गृहीत आहे: पाहण्याजोगे काम रोज समोर येत राहिले पाहिजे. दुर्मीळ विकारांत ते येत नाही.

मग सराव रुग्णाखेरीज दुसरीकडे करायचा. याचे सर्वांत विलक्षण उदाहरण त्याच जॉन्स हॉपकिन्समधले आहे. हेलन टॉसिग या बालहृदयतज्ज्ञ. त्यांच्याकडे ओठ आणि नखे निळी पडलेली मुले येत, कारण हृदयाच्या घडणीतील दोषामुळे त्यांच्या फुप्फुसांना पुरेसे रक्त मिळत नसे. हाताकडे जाणारी एक रोहिणी फुप्फुसाच्या रोहिणीला जोडून द्यायची, अशी युक्ती ठरली. ती प्रत्यक्षात उतरवण्याचे काम सर्जन आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी आपल्या प्रयोगशाळेतील सहायकाकडे सोपवले. त्यांचे नाव व्हिव्हियन थॉमस. हे कृष्णवर्णीय गृहस्थ मूळचे सुतारकाम करणारे. १९३० मध्ये ते प्रयोगशाळेत नोकरीला लागले आणि डॉक्टर होण्यासाठी जमवलेले त्यांचे पैसे मंदीत बँक बुडाल्याने गेले. सुरुवातीच्या काळात पगारपत्रकावर त्यांचा हुद्दा सफाई कामगाराचा होता. त्यांनी सुमारे दोनशे कुत्र्यांवर ही शस्त्रक्रिया करून पाहिली, लागणाऱ्या सुया आणि चिमटे छोटे करून घेतले, टाका कुठे आणि कसा घालायचा ते बसवले.

२९ नोव्हेंबर १९४४ रोजी पंधरा महिन्यांच्या, साडेचार किलोही वजन नसलेल्या एका मुलीवर ब्लॅलॉक यांनी पहिली शस्त्रक्रिया केली. तेव्हा थॉमस त्यांच्या खांद्यामागे एका छोट्या स्टुलावर उभे होते. हे टाके थॉमस यांनी कितीतरी वेळा घातले होते. ब्लॅलॉक यांचा हात त्यावर फारसा फिरलेला नव्हता. टाका बरोबर पडतो आहे ना, हे सर्जन मागे वळून विचारत होते. ती मुलगी त्या वेळी सुधारली, पण पुढे काही महिन्यांनी दगावली. नंतर मात्र याच शस्त्रक्रियेने हजारो मुले जगली. थॉमस यांनी पुढची अनेक वर्षे प्रयोगशाळेत तरुण सर्जनांचे हात घडवले. त्यांतले कित्येक नामवंत झाले. विद्यापीठाने थॉमस यांना मानद डॉक्टरेट दिली ती १९७६ मध्ये. शिकवण्याचा अधिकार पदवीतून येतो की हातातून, यावर शिक्षकांच्या खोलीत चर्चा करायला हे उदाहरण चांगले आहे.

सराव पुरेसा नसेल तर काय होते, याचा उघड हिशेब लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या रुग्णालयाने मांडला आहे. हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रोहिण्यांची अदलाबदल झालेली बाळे तेथे येत. जुन्या शस्त्रक्रियेत रक्ताची वाट हृदयाच्या आतच वळवत. तीत मृत्यूचे प्रमाण ६ टक्के होते, पण हृदयाच्या उजव्या बाजूवर जन्मभर डाव्या बाजूचे काम पडे आणि ते पुढे थकत जाई. नव्या शस्त्रक्रियेत रोहिण्याच सुट्या करून अदलाबदल करायच्या. अधिक नैसर्गिक, पण फार अवघड, कारण हृदयाला रक्त पुरवणाऱ्या अगदी बारीक वाहिन्याही उचलून दुसरीकडे शिवाव्या लागतात. रुग्णालयाने नवी रीत स्वीकारली. पहिल्या सत्तर बाळांत मृत्यूचे प्रमाण सुमारे २५ टक्के झाले. त्यापुढच्या शंभरांत पाच बाळे गेली.

हे आकडे दोनदा वाचावेत. नवी रीत चांगली होती यात शंका नाही. आज जगभर तीच केली जाते. पण सर्जनांचा हात बसेपर्यंतची किंमत सुरुवातीच्या बाळांनी मोजली. हे आकडे दडपून न ठेवता २००० साली छापले गेले, ही गोष्ट आम्हाला शस्त्रक्रियेइतकीच मोलाची वाटते. त्याच रुग्णालयातील मार्क द लव्हाल या सर्जनांनी तर १९९४ मध्येच स्वतःचे अपयश आकडेवारीने तपासून प्रसिद्ध केले होते. मृत्यू ओळीने होऊ लागले हे ध्यानात येताच ते ज्येष्ठ असूनही दुसऱ्या सर्जनाकडे ती शस्त्रक्रिया पुन्हा शिकायला गेले, आणि निकाल सुधारले.

आता सरावासाठी कुत्र्यांऐवजी इतर साधने येत आहेत. छापील त्रिमिती बरगड्यांचा बाळाएवढा पिंजरा, त्यात प्राण्याच्या ऊतीची केलेली अन्ननलिका, आणि ती दुर्बिणीतून शिवायची. याहून साधे साधन म्हणजे नुसती पेटी. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा सराव करण्याची पेटी मोठ्यांच्या सर्जनांसाठी होतीच. टोरांटोच्या सर्जनांनी तीच बाळाच्या पोटाइतकी लहान केली. तिचा नमुना शाळेतही करता येतो. बुटांच्या खोक्याच्या झाकणाला दोन भोके पाडून त्यांतून विणकामाच्या दोन लांब सुया घाला. आत थर्मोकोलमध्ये चार टाचण्या उभ्या करा. एका बाजूच्या फटीवर मोबाइलचा कॅमेरा ठेवा आणि आत थोडा उजेड सोडा. केवळ पडद्याकडे पाहत एका टाचणीवरचे रबरबँड उचलून दुसरीवर अडकवा. हात उजवीकडे नेला की टोक डावीकडे जाते, कारण भोकाची कड हा टेकू आहे आणि सुई ही पहिल्या प्रकारची तरफ. सुई अधिक आत ढकलली की टोकाची हालचाल मोठी होते; बाहेर ओढली की लहान. पहिल्या पाच मिनिटांत मुले वैतागतील, अर्ध्या तासात बरीच सरावतील. प्रत्येक प्रयत्नाला लागलेला वेळ मांडून आलेख काढला, तर शिकण्याचा वक्र वर्गातच दिसेल. लंडनचे आकडे म्हणजे असाच एक आलेख.

आपल्याकडे हा प्रवास किती लांबचा? एम.बी.बी.एस. आंतरवासितेसह साडेपाच वर्षे, त्यानंतर सर्वसाधारण शल्यशास्त्रात एम.एस. तीन वर्षे, मग प्रवेशपरीक्षा देऊन बालशल्यशास्त्रात एम.सीएच. आणखी तीन. मधे एकही वर्ष गेले नाही तरी साडेअकरा वर्षे झाली. एम.बी.बी.एस.नंतर थेट सहा वर्षांचा डी.आर.एन.बी. हा दुसरा मार्ग आहे. शिकणाऱ्याने केलेल्या व पाहिलेल्या प्रत्येक शस्त्रक्रियेची नोंदवही ठेवायची असते. पदवीनंतरचे शिक्षण भारतीय बालशल्यचिकित्सकांच्या संघटनेच्या परिषदा, कार्यशाळा आणि एखाद्या उपशाखेतील फेलोशिप यांतून चालते. ही संघटना १९६५ पासून आहे. महाराष्ट्रात वैद्यकीय परिषदेकडील नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करायची, तर ३० श्रेयगुण लागतात. ते भाषणे ऐकूनही जमतात. हाताला त्याचा कितपत उपयोग, हे शिक्षक-प्रशिक्षणांना बसलेल्या वाचकांना आम्ही वेगळे सांगायला नको.

मघाच्या गणिताकडे पाहिले तर वाटेल, सगळी बाळे एकाच मोठ्या केंद्रात न्यावीत. तेथे सर्जनांचाही हात बसेल. काही अंशी ते खरे आहे. मुंबईत परळला मुलांचे वाडिया रुग्णालय १९२९ पासून आहे. पण गडचिरोलीत जन्मलेल्या बाळाने तेथवर पोहोचायचे कसे? २०२१ मध्ये ७४ देशांतील २६४ रुग्णालयांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आतड्यांचे व अन्ननलिकेचे जन्मजात दोष असलेल्या बाळांत मृत्यूचे प्रमाण श्रीमंत देशांत ५.६ टक्के, मध्यम उत्पन्नाच्या देशांत २०.४ आणि गरीब देशांत ३९.८ टक्के आढळले. हा फरक केवळ सर्जनांच्या कौशल्याचा नव्हे. बाळ उशिरा येते, येताना गार पडते, जंतुसंसर्ग झालेला असतो, नवजातांना सांभाळणारा भूलतज्ज्ञ किंवा परिचारिका नसते.

त्यामुळे प्रशिक्षणाचा एक भाग सर्जनाच्या फार अलीकडे, प्रसूतिगृहात सुरू होतो. जन्मतःच तोंडातून सारखा फेस येणाऱ्या बाळाला दूध पाजण्याआधी तोंडातून एक जरा ताठ नळी घालून पाहायची. ती ओठांपासून साधारण दहा सेंटिमीटरवर अडली, तर अन्ननलिका अखंड नाही असा संशय धरायचा. दूध द्यायचे नाही, डोक्याकडची बाजू उंच ठेवायची, तोंडातली लाळ सतत ओढून घ्यायची, बाळ उबदार गुंडाळायचे आणि मग गाडीत ठेवायचे. हे परिचारिकेला एका दुपारात शिकवता येते, आणि लागणारी नळी काही रुपयांची असते.